मोठ्या साहेबांचं इंजिन

एखाद्या माणसाने जन्मात एकदाच, तेही बत्तीस वर्षांपूर्वी, गॅलरीच्या कठड्याला रंग दिलेला असावा, आणि त्या कठड्याला टेकलं की आजही शर्ट काळा होत असावा, तर त्या माणसाने रंगकामाचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघावं, एवढा साधा व्यवहार आहे. हेडक्लार्कांना तो कळत नव्हता असं नाही. तरीही मंगळवारी सकाळी अकरा वाजता, धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये, सह्यांची फाइल पोटाशी धरून उभे असताना त्यांच्या तोंडून ‘मी करतो, साहेब’ असे तीन शब्द निघून गेले. तोंडातून गेलेला शब्द आणि जावक रजिस्टरात चढलेलं पत्र परत घेता येत नाही, हे त्यांनीच आजवर कितीजणांना ऐकवलं होतं.

धाकटे साहेब म्हणजे कुणी मिसरूड फुटलेला पोरगा नव्हे. अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, दोन जावयांचे सासरे. पण त्यांचे वडील मोठे साहेब. ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी ‘धाकटे’ काढून टाकण्याबद्दल कुठलं परिपत्रक निघालं नाही, म्हणून कंपनीने ते चालू ठेवलं. कंपनी पाण्याचे पंप करायची. पंपांशी काडीचा संबंध नसलेली एकच वस्तू त्या इमारतीत होती, ती म्हणजे केबिनमधल्या काचेच्या कपाटातलं मोठ्या साहेबांचं आगगाडीचं इंजिन. वीतभर लांब, हिरवं, वाफेच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल. त्याला खेळणं म्हटलेलं खपत नसे, ‘मॉडेल’ म्हणायचं. मोठ्या साहेबांना ते लहानपणी त्यांच्या वडिलांनी दिलं होतं. आता त्याचा रंग जागोजागी फुगला होता, पापुद्रे सुटले होते, आणि अठरा दिवसांवर कंपनीचा पन्नासावा वर्धापनदिन येऊन ठेपला होता.

“वडिलांच्या फोटोपुढे स्टेजवर हे ठेवायचं मनात आहे,” धाकटे साहेब म्हणाले होते. “पण असं कसं ठेवणार? जुना रंग काढून नवा देणारा कुणी माहितीतला आहे का हो?”

त्यावर ते तीन शब्द.

“तुम्ही? तुम्हाला येतं हे?”

“थोडीफार आवड आहे, साहेब.”

आवड नव्हती. भीती होती. आठ दिवसांपूर्वी एका सल्लागाराचा अहवाल हेडक्लार्कांनी स्वतः टाइप केला होता, स्वतःच त्यावर ‘गोपनीय’चा शिक्का मारला होता, आणि शिक्का नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला होता. नवव्या पानावर लिहिलं होतं, की ऑफिसला आणि स्टोअरला दोन वेगळे प्रमुख असण्याचं आता कारण उरलेलं नाही. एकच ठेवावा, दुसऱ्याला मोकळं करावं. कोणता ठेवायचा ते मालकांनी वर्धापनदिनाच्या सुमारास ठरवावं. ऑफिसचे प्रमुख म्हणजे हेडक्लार्क. वय चोपन्न, मुलगी कॉलेजात, आणि टायपिंग, फायलिंग व वेळेवर येणं याखेरीज अंगात एकही कला नाही. अशा माणसाला बाहेर कोण दारात उभं करणार? त्या आठ दिवसांत त्यांना धड जेवण गेलं नव्हतं.

आणि स्टोअरचा प्रमुख म्हणजे वायसर.

हे काही त्याचं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. नट आणि पत्रा यांच्या मध्ये बसून सगळा दाब मुकाट्याने सोसते, ती चकती म्हणजे वायसर. कामगार आणि फोरमन यांचं जुंपलं, की हा मध्ये जाऊन उभा राहायचा, दोन्हीकडच्या शिव्या खायचा, आणि भांडण मिटलं की पुन्हा आपल्या रॅकमागे. बावीस वर्षं तो आणि हेडक्लार्क दुपारी एकत्र जेवत होते. अहवालाचं त्याला काही ठाऊक नव्हतं. हेडक्लार्कांनी सांगितलं नाही, कारण अहवाल गोपनीय होता. गोपनीय नसता तरीही सांगितलं नसतं, हे त्यांचं त्यांना माहीत होतं.

तर इंजिन घरी न्यायचं ठरलं. न्यायचं तर गेटपास हवा, आणि गेटपास स्टोअर देतं. वायसरने तीन प्रतींत लिहून दिला: ‘इंजिन, रेल्वेचे. एक नग. परत येणार.’ गेटवर वॉचमनने तो वाचला, मग पिशवीत डोकावून पाहिलं, मग पुन्हा वाचला.

“यात रेल्वेचं इंजिन लिहिलंय.”

“मग तेच आहे की.”

“हे एवढंसं?”

“अहो, मॉडेल आहे ते.”

“मग मॉडेल लिहून आणा. उद्या वरून विचारलं, गेटमधून रेल्वेचं इंजिन गेलं तेव्हा तू काय झोपला होतास? मी काय तोंड दाखवू?”

मॉडेल लिहून आणलं. मग वजन. परत येणारी वस्तू जाताना तोलायची, येताना तोलायची, फरक पडला तर वस्तू बदलली असं समजून साहेबांना कळवायचं, असा नियम गेटवर चिकटवलेला होता. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी तांब्याची तार लांबवली तेव्हा तो नियम हेडक्लार्कांनीच मोठ्या हौसेने टाइप केला होता. काटा एक किलो एकशे चाळीस ग्रॅमवर थांबला. वॉचमनने तो आकडा लिहून त्याखाली हेडक्लार्कांची सही घेतली.

आता घर. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि खाली-वर शेजारी. शेजाऱ्यांचं एक असतं, तुमच्या घरात मीठ संपलं तर त्यांना पत्ता नसतो, पण तुम्ही हातात ब्रश धरलात की भिंतीपलीकडून वास जातो. रविवारी सकाळी हेडक्लार्क जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, नखाने एक पापुद्रा उचलून पाहत होते, तोवर खालच्या मजल्यावरचा विमा एजंट येऊन बसलासुद्धा. त्याचं मत पडलं, की हिरवा रंग आता कुणी देत नाही, निळा द्या. पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांचं म्हणणं, जुना रंग काढूच नये, वरूनच थापावा, आपल्या इमारतीला आपण तेच केलं. इमारतीकडे पाहून हेडक्लार्कांनी तो सल्ला सोडून दिला.

मग वरच्या मजल्यावरच्या बाई उतरल्या. बाई चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि शिकवायला समोर कुणी नसल्याने हवालदिल होत्या.

“खरवडताय काय असं? बारीक काम असतं ते, चरे पडतील,” त्या म्हणाल्या. “कॉस्टिक सोडा आणा. कढत पाण्यात तीन चमचे घाला, त्यात दोन तास बुडवून ठेवा. रंग सायीसारखा निघून येईल. लोखंडाला ढिम्म होत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, भांडं घ्याल ते…”

एवढ्यात त्यांच्या घरातला फोन वाजला. बाई लगबगीने वर गेल्या, तिकडे त्यांची बहीण बोलायला बसली, आणि भांडं कसलं घ्यायचं ते वाक्य तसंच राहिलं.

हेडक्लार्कांनी ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं.

पुढचं ज्यांनी शाळेत त्या बाईंच्या तासाला लक्ष दिलं असेल त्यांना सांगायला नको. पाणी फसफसू लागलं. हेडक्लार्कांना वाटलं, काम चालू झालं. काम चालूच झालं होतं, पण रंगावर नव्हे, पातेल्यावर. अर्ध्या तासात घरभर असा उग्र वास पसरला, की मुलगी ओढणी नाकाला लावून मैत्रिणीकडे निघून गेली. पाऊण तासाने पातेल्याच्या बुडातून धार लागली, ओट्यावरून जमिनीवर आली, आणि मोरीच्या बाजूने खालच्या विमा एजंटाच्या गॅलरीत, त्याने वाळत घातलेल्या पॅंटवर ठिबकली. बायको धावत आली.

“माझ्या आईने दिलेलं पातेलं ते!”

“अगं, हात लावू नकोस, भाजेल!”

“पातेलं भरून द्या म्हणत नाही मी. पण तुम्हाला येत नाही तर हो कशाला म्हणालात, एवढंच सांगा मला.”

हे एवढंच सांगणं अवघड होतं. हेडक्लार्कांनी फडकं घेऊन जमीन पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता दारात सेक्रेटरी उगवले, ‘सदनिकेत रासायनिक कारखाना चालवीत असल्याबाबत’ तीन दिवसांत लेखी खुलासा मागणारा कागद घेऊन. रविवार असूनही त्यावर शिक्का होता. शिक्का मात्र एका फटक्यात स्वच्छ उठला होता, हे हेडक्लार्कांच्या नजरेतून सुटलं नाही.

आणि इंजिन? रंग गेला होता, बाईंचं चुकलं नव्हतं. हेडक्लार्कांनी चिमट्याने ते उचललं, नळाखाली धुतलं, आणि पुसायला म्हणून हातात घेतलं. बॉयलरवर बारीक रेघांचं जाळं दिसलं. त्यांनी अंगठ्याने जरासं दाबलं. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तो तुकडा मोडून पडला. दुसरीकडे धरलं, तर धुराडं हातात आलं. ते ठेवायला गेले तर छप्पर निखळलं. शेवटी टेबलावर चाकांचा सांगाडा तेवढा उभा राहिला आणि त्याच्याभोवती करड्या रंगाचे अठ्ठेचाळीस तुकडे. हेडक्लार्कांनी ते दोनदा मोजले. कारकुनाला दुसरं काय येणार?

ते खुर्चीवर बसले आणि त्यांना रडू आलं. चोपन्न वर्षांचा माणूस, अंगात बनियन, समोर फुटकं पातेलं. बायको बडबड करायची थांबली, तेव्हा त्यांनी तिला अहवालाचं सगळं सांगितलं.

तिने फुटकं पातेलं उचलून मोरीत नेऊन ठेवलं. मग म्हणाली, “वायसरभावजींना दाखवा. त्यांना नक्की काहीतरी सुचेल.”

“अगं, तोच तर…”

“तोच तर काय?”

हेडक्लार्क तुकडे तिसऱ्यांदा मोजू लागले. दुसरा माणूस कोण, एवढं सोडून त्यांनी सगळं सांगितलं होतं.

सोमवारी ते तुकडे गेटमधून आत न्यायचे होते. इंजिन म्हणून न्यावं तर वजन भरणार नाही आणि तासाभरात साहेबांपर्यंत जाईल. म्हणून हेडक्लार्कांनी ते जेवणाच्या डब्यात भरले, चाकांचा सांगाडा पिशवीत डब्याखाली ठेवला आणि पिशवी नेहमीसारखी हलवत आत शिरले. वॉचमन माणसांचे डबे तोलत नसे. दुपारी स्टोअरमधल्या रॅकमागे त्यांनी झाकण उघडून डबा वायसरपुढे सरकवला. वायसरने एक तुकडा उचलला, खिडकीशी धरला, दोन बोटांत चुरला.

“ओतीव जस्त आहे,” तो म्हणाला. “जुनं, भेसळीचं. हे आतून कधीच फुगून भुसा झालं होतं. रंगानेच धरून ठेवलं होतं रे त्याला. तू रंग काढलास आणि कॉस्टिकने उरलंसुरलं खाल्लं.”

“आता?”

“आता काय? हे जुळत नाही. नवं करावं लागेल.” मग हेडक्लार्कांच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, “इतकं काय घाबरलायस? साहेब रागावतील, दुसरं काय करतील?”

“तुला नाही कळायचं.”

“बरं, नाही कळत,” वायसर म्हणाला, आणि त्याने खिशातून पेन्सिल काढली.

पुढचे नऊ दिवस जे चाललं ते हेडक्लार्कांनी जवळून पाहिलं, आणि त्यांना दर दिवशी थोडी अधिक लाज वाटत गेली. वायसरने कागदावर ते अठ्ठेचाळीस तुकडे एकेक करून मांडले, मोजले, त्यांच्याभोवती रेघा ओढल्या. पंपाला लावायचा पितळी पत्रा कात्रीने कापला, एका नळीवर वळवला आणि कथलाचा डाग देऊन जुन्याच चाकांच्या सांगाड्यावर बॉयलर उभा केला. धुराड्यासाठी जुन्या पंपाचं पितळी बुश, म्हणजे आतली आखूड नळी, घेतलं. खिडक्यांच्या चौकटी लागतील इतक्या बारीक पट्ट्या त्याने कानशीने घासून काढल्या आणि दातांत धरून एकेक बसवल्या. रोज पाऊण तास, जेवणाच्या सुट्टीत. जेवायचा तो नंतर, उभ्याने, दोन घास. हेडक्लार्क टॉर्च धरायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन कानस हातात घेतली, तेव्हा वायसर म्हणाला, “टॉर्चच धर तू.” सहाव्या दिवशी हिरवा रंग ओला असताना त्यांनी ‘वाळला का बघू’ म्हणून अंगठा टेकवला, आणि वायसरला ती बाजू पुसून पहिल्यापासून करावी लागली. तो एक अक्षर बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर हेडक्लार्कांना दुपार जरा सुसह्य गेली असती.

शेवटी इंजेक्शनच्या सुईने त्याने बॉयलरवर लाल रेघ ओढली. श्वास धरून, एका दमात, इकडून तिकडे. मग इंजिन काट्यावर ठेवलं. दोनशे दहा ग्रॅम कमी भरलं. वायसरने ते उलटं केलं आणि पोटात शिशाचे तुकडे चिकटवून आकडा एक किलो एकशे चाळीसवर आणून ठेवला. जे इंजिन कागदोपत्री अजून बाहेरच होतं, ते बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या पिशवीतून लपवून बाहेर काढलं आणि गुरुवारी सकाळी राजरोस आत आणलं. वॉचमनने तोललं, गेटपासशी ताडून पाहिलं, ‘बरोबर’ असं लिहिलं.

“नुसताच रंग दिलात ना? बाकी सगळं तेच?” त्याने विचारलं.

“तेच,” हेडक्लार्क म्हणाले.

धाकट्या साहेबांनी इंजिन दोन्ही हातांनी घेतलं आणि खिडकीशी नेलं. चाकं बोटाने फिरवून पाहिली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“वडील मला याला हात लावू देत नसत,” ते म्हणाले. “लांबून बघ म्हणायचे. असंच दिसायचं हे तेव्हा. अगदी असंच.” मग त्यांनी मान वर केली. “कोणी केलं हे?”

इथे जरा थांबायला हवं, कारण हेडक्लार्कही थांबले होते. ‘वायसरने’ हा शब्द अगदी तयार होता. तो म्हणायचाच असं ठरवून ते जिना चढले होते. बायकोनेही सकाळी दारात बजावलं होतं, भावजींचं नाव सांगा हं. पण टेबलाच्या कोपऱ्यावर तो अहवाल होता, आणि नवव्या पानाशी कागदाचा एक कपटा खोचलेला होता.

“मीच, साहेब. घरी.”

“एकट्याने?”

“हो. फावल्या वेळात.”

धाकटे साहेब त्यांच्या हातांकडे बघू लागले. हेडक्लार्कांनी हात पाठीमागे घेतले.

“माणूस रोज समोर असतो आणि आपल्याला त्याचं काही ठाऊक नसतं बघा,” साहेब म्हणाले. “तुमच्यापासून लपवत नाही, अहवाल तुम्हीच टाइप केलात. माझं मन खरं तर स्टोअरकीपरकडे झुकत होतं. कागद काय, कुणीही सांभाळील. स्टोअरला हातात कसब असलेला माणूस लागतो. पण तुमच्याकडे तर दोन्ही आहे.”

हेडक्लार्क केबिनमधून बाहेर आले आणि पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले. वाचलो, असं त्यांना वाटलं. मग दुसरं काहीतरी वाटलं, ते त्यांनी तिसऱ्या ग्लासाबरोबर गिळलं. संध्याकाळी बायकोने विचारलं, “सांगितलंत ना नाव?” तेव्हा ते म्हणाले, “बोलण्याच्या ओघात राहून गेलं.” तिने भाजी चिरायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिरू लागली. त्या दिवसापासून तिने इंजिनाचा विषय काढला नाही.

शनिवारी वर्धापनदिन झाला. फोटोपुढे इंजिन, त्यावर दिव्याचा झोत. धाकट्या साहेबांनी भाषणात हेडक्लार्कांना स्टेजवर बोलावलं, पुष्पगुच्छ दिला आणि ‘या जादूगार हातांसाठी’ टाळ्या मागितल्या. वायसर तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या. इतरांपेक्षा कमी नाहीत, जास्त नाहीत, सगळ्यांसारख्या. हेडक्लार्कांनी पुष्पगुच्छ तोंडासमोर धरला. लोकांना वाटलं, माणूस विनयशील आहे.

सोमवारी त्यांनी वायसरचं पत्र टाइप केलं. दुसरं कोण करणार? ‘आपल्या प्रदीर्घ सेवेची कंपनी नोंद घेत आहे’ या वाक्यात तीनदा चूक झाली, तीनदा कागद बदलला. जावक क्रमांक घातला, पोच म्हणून सही घ्यायचं पुस्तक काखेत मारलं आणि स्वतःच नेऊन दिलं. वायसरने उभ्याने वाचलं, पुस्तकात सही केली, पत्राची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

“तुला ठाऊक होतं?”

“टाइप केलं तेव्हा कळलं.”

उत्तर खरं होतं. कोणता कागद टाइप केला तेव्हा, एवढं फक्त त्यांनी सांगितलं नाही.

“जेव आधी,” वायसर म्हणाला. “गार होतंय.” ते दोघं जेवले. हेडक्लार्कांना घास उतरेना, पण न जेवणं हा कबुलीजबाब झाला असता म्हणून त्यांनी डबा संपवला.

महिना उलटला. आता स्टोअर हेडक्लार्कांच्या ताब्यात होतं आणि हेडक्लार्क स्टोअरच्या. वायसरने कधी कुठली यादी केली नव्हती, सगळं त्याच्या डोक्यात होतं. हेडक्लार्कांनी दीड आठवडा बसून प्रत्येक खणाला नंबर दिला, सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या, आणि पहिल्याच मागणीला चुकीच्या मापाचं रबरी पॅकिंग काढून दिलं. अकरा पंप गळत परत आले. कामगार त्यांच्यासमोर काही बोलत नसत. ते रॅकमागे जाऊन हळूच वायसरला फोन लावत आणि हवी ती वस्तू बरोबर काढून नेत. हेडक्लार्कांना ते ऐकू यायचं. ते चिठ्ठ्यांची अक्षरं पुन्हा गिरवत बसायचे.

अशात एका दुपारी धाकट्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर पुठ्ठ्याचं मोठं खोकं होतं आणि साहेबांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

“आईचं जुनं कपाट रिकामं केलं, त्यात काय सापडलं बघा. त्या इंजिनाचेच डबे! सात आहेत. वडिलांनी कधी दाखवलेसुद्धा नव्हते.” त्यांनी खोकं पुढे सरकवलं. “घाई नाही. पण त्या इंजिनाला शोभतील असे करा. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही मी.”

हेडक्लार्क खोकं घेऊन निघाले ते घरी गेलेच नाहीत. वायसरचं घर बाजारामागच्या गल्लीत, तळमजल्यावर. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते पाठ केलं. मी तुझं नाव सांगितलं नाही. मला आधीपासून माहीत होतं. साहेब तुलाच ठेवणार होते. ही तीन वाक्यं होती. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तिन्ही नीट येत होती, दारापर्यंत दोन उरली, आणि बेल वाजवली तेव्हा एकही उरलं नव्हतं.

दार वायसरच्या बायकोने उघडलं. ती “या” म्हणाली, “बसा” म्हणाली नाही, आणि आत निघून गेली. वायसर खिडकीशी बसून कुणाचातरी मिक्सर खोलत होता. दाढी वाढली होती. त्याने खोक्याकडे पाहिलं, मग हेडक्लार्कांकडे.

“साहेबांनी दिलं?”

“हो.”

“तुला?”

हेडक्लार्कांनी मान हलवली. आतल्या खोलीत भांडी जरा जास्तच आवाज करत होती. वायसरने मिक्सर बाजूला सारला, खोकं उघडलं, एक डबा उचलून त्याच्या कडेला नख लावलं. करडा भुसा टेबलावर पडला.

“हेही तसेच. आतून गेलेले,” तो म्हणाला. “सगळे नवे करावे लागतील.”

“जमेल तुला?”

“न जमायला काय झालं?” वायसरने डबा उजेडात फिरवून पाहिला. “तिथे पाऊणच तास मिळायचा. आता काय, सकाळपासून बसता येतं.”

हेडक्लार्क उभेच होते. त्यांना वाटलं, याने आत्ता आपल्याला हाकलून द्यावं, खोकं रस्त्यावर फेकावं, चार लोक जमवावेत. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं. वायसर सातही डबे ओळीने मांडत होता.

“एक कर,” मांडता मांडता, वर न बघता तो म्हणाला. “साहेबांना माझं नाव सांगू नकोस. आता सांगितलंस तर तुझीही जाईल. मग काय उपयोग झाला?”

“नाही सांगणार,” हेडक्लार्क म्हणाले, आणि हा शब्द मात्र त्यांनी पाळला.